बाळ सांभाळायला बायका मिळवून देणारी एक सेवा: कामाला जाणाऱ्या बाजूने अभिप्राय

बाळ सांभाळण्यासाठी बायका मिळवून देणाऱ्या सेवांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते जवळपास सगळे बाई ठेवणाऱ्या घरांनी लिहिलेले असतात. बाई वेळेवर आली की नाही, न सांगता गेली का, बदली बाई किती दिवसांत मिळाली, एवढ्यावर ते थांबतात. हा अभिप्राय त्या बाईचा आहे. रत्नागिरी शहरातील अशा एका सेवेमार्फत मी गेल्या तीन वर्षांत तीन घरी काम केले. सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या त्रुटी सांगायच्या आहेत त्या या एका कार्यालयाच्या नसून या धंद्यात रुळलेल्या रीतीच्या आहेत, असे मला वाटते. शिवाय तिथल्या माणसांशी माझे अजून बोलणेचालणे आहे. पाचपैकी किती तारे असे कोणी विचारलेच, तर तीन. घर शोधून देण्यात ही सेवा चांगली आहे. त्या घरात मी किती वाजेपर्यंत थांबायचे आणि त्याचे किती मिळायचे, हे ठरवण्यात ती जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि माझ्या दृष्टीने अर्धे काम तेच आहे.

मी फणसोपला राहते. अकरा वर्षे एका खाजगी बालवाडीत शिकवत होते. करोनाच्या काळात ती बंद पडली ती पडलीच. त्यानंतर ओळखीच्या एका बाईंकडून या सेवेचे कळले. या कामाला आमच्याकडे मागणी का आहे, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती संपते तेव्हा बाळ साधारण सहा महिन्यांचे असते, म्हणजे नुकते वरचे खायला लागलेले, पालथे पडून पुढे सरकणारे आणि हाताला लागेल ते तोंडात घालणारे. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करायला सांगितले आहे, पण आमच्याकडच्या बँकेच्या शाखेत किंवा पतसंस्थेत पन्नास माणसे असतात कुठे? त्यामुळे सव्वीस आठवडे संपत आले की आईचे फोन सुरू होतात. त्या वेळी तिला बाईची जेवढी गरज असते तेवढी तिला पुढे कधीच नसते. बोलणी करायची ती याच आठवड्यात, हे मला पहिल्या घरी ठाऊक नव्हते.

नोंदणीचा अनुभव चांगला होता, हे आधी नमूद करते. कार्यालयातील बाई वयाने माझ्याहून लहान, पण बोलण्यात अदब होती. आधार कार्ड, दोन फोटो, बँकेचे पासबुक, पोलीस पडताळणीचा अर्ज, डॉक्टरांचे प्रमाणपत्र हे सगळे एका फेरीत झाले. घर कसे आहे, घरात कोण कोण असते, पुरुष माणूस दुपारी घरी असतो का, कुत्रा आहे का, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. पहिल्या दिवशी त्या माझ्यासोबत आल्या आणि अर्धा तास बसून गेल्या. अनोळखी घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या बाईला त्या अर्ध्या तासाचा किती आधार असतो, ते ज्याने ते पाऊल टाकले आहे त्यालाच कळेल. पडताळणी मात्र एकाच बाजूची होते. माझी कागदपत्रे घराकडे गेली. घराविषयी मला जे मिळाले ते सगळे तोंडी.

पहिले घर नाचणे रस्त्यावरचे. आई बँकेत अधिकारी, वडील एका कंपनीत, दोघेही बदली होऊन विदर्भातून आलेले, माणसे अतिशय सज्जन. कार्यालयाने मला सांगितले होते, ‘पूर्ण वेळ, फक्त बाळाचे काम, पगार १२,०००.’ पूर्ण वेळ म्हणजे किती, असे विचारल्यावर ‘नऊ ते सहा धरा’ असे उत्तर मिळाले. त्या घरी कार्यालयाने जे सांगितले होते ते मला पहिल्याच सोमवारी कळले: ‘साडेआठपासून मॅडम घरी येईपर्यंत, बाळाचे सगळे आणि जमेल तसे वरकाम.’ दोन्ही वाक्यांत ‘पूर्ण वेळ’ हे शब्द चपखल बसतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. बँकेतल्या अधिकाऱ्याच्या घरी येण्याला वेळ नसते. शाखेचे दार ग्राहकांसाठी बंद झाले तरी आतला हिशोब संपत नाही, आणि मार्च महिन्यात तर विचारूच नये. सहा आठवडे मी साडेआठला जात होते आणि साडेसातला निघत होते. आठवड्यातून दोनदा तरी पावसकडे जाणारी एसटी चुकायची आणि भाट्याच्या पुलावरून घरी जायला रिक्षाला २०० रुपये मोजावे लागायचे.

बालवाडीत असताना हजेरीपट भरायची सवय होती, म्हणून मी एका शंभर पानी वहीत रोजची यायची-जायची वेळ टिपून ठेवली होती. एका रविवारी तिचा हिशोब केला. नऊ ते सहा म्हणजे नऊ तास, महिन्याचे २६ दिवस, एकूण २३४ तास. १२,००० रुपयांना तासाचे ५१ रुपये पडतात. प्रत्यक्षात मी रोज अकरा तास थांबत होते, म्हणजे २८६ तास, आणि तासाचे झाले ४२ रुपये. पगार एका रुपयानेही कमी झाला नव्हता, तरी माझ्या तासातून नऊ रुपये गेले होते आणि ते कोणी घेतले असे म्हणायलाही जागा नव्हती. तोपर्यंत माझ्या मनात ‘पगार थोडा वाढवून मागावा’ एवढेच होते. त्या वहीमुळे कळले की पगाराआधी घड्याळ ठरले पाहिजे. तास मोकळे सोडून पगार कितीही वाढवून घेतला, तरी तो उशिरा येणाऱ्या प्रत्येक संध्याकाळी गळत राहतो.

मी आधी कार्यालयाला फोन केला, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळी उत्तर एकच: ‘समजून घ्या मावशी, चांगली माणसं आहेत.’ माणसे चांगली होती यात वाद नाही. अडचण तीच होती. वाईट माणसांशी भांडता येते, काम सोडता येते. चांगल्या माणसांपुढे पगाराचा विषय काढताना आपणच काही गैर करत आहोत असे वाटत राहते आणि जीभ उचलत नाही. दलालाची, म्हणजे मधल्या माणसाची, गरज खरे तर इथेच असते. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या कार्यालयाने हे अवघड वाक्य आमच्या वतीने बोलायला हवे होते. ते त्यांनी केले नाही, म्हणून मी स्वतः बोलले.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. माझी सुट्टी असून मी आले म्हणून दोघेही जरा धास्तावले असावेत; काम सोडते की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. बाळ माझ्याकडे झेपावले आणि मांडीवर बसून पितळी चमचा चावत राहिले. मी वही टेबलावर उघडून ठेवली आणि फक्त वेळा वाचून दाखवल्या, तारीखवार, आवाज न चढवता. आईने मान खाली घातली. वडील हिशोबी होते, त्यांनी लगेच मुद्दा काढला. ‘पण मावशी, बाळ दुपारी दोन तास झोपतं. तेव्हा तुम्ही मोकळ्याच असता की.’

‘साहेब, बाळ झोपल्यावर मी भाट्याला जाऊन समुद्र बघून आले तर चालेल का? चालत असेल तर ते दोन तास मोकळे धरा.’

आई हसली, आणि बोलणी खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. त्या दोन तासांत काय होते ते मी त्यांना सांगितले, कारण घरी नसलेल्या माणसाला ते दिसत नाही. बाटल्या आणि वाट्या उकळायच्या, दुपटी धुऊन पावसाळ्यात पंख्याखाली वाळत घालायची, संध्याकाळच्या मऊभाताचे तांदूळ-डाळ धुऊन ठेवायचे, नाचणीचे सत्त्व गाळायचे, आणि हे सगळे करताना एक कान आतल्या खोलीकडे ठेवायचा. लाइट गेली की पंखा थांबतो, पंखा थांबला की तिसऱ्या मिनिटाला बाळ घामाने ओले होऊन चुळबुळते, आणि मग वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत बसायचे, लाइट येईपर्यंत किंवा हात भरून येईपर्यंत. जून महिन्यात रत्नागिरीत हे किती वेळा होते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारातही नेमका हाच मुद्दा आहे: ज्या वेळेत कामगाराला स्वतःच्या मर्जीने वेळ घालवता येत नाही आणि घराने हाक मारली की उठावे लागते, ती वेळ देशाच्या कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत कामाचीच धरायची. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर कोणाला काही सक्तीने मागता येत नाही. तरीही बाळाची झोप ही माझी विश्रांती नव्हे हे म्हणणे माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेले नाही, एवढे तरी त्या दिवशी टेबलावर सांगता आले.

ठरले ते असे. वेळ साडेआठ ते सहा, पगार १३,०००, सहानंतर प्रत्येक तासाला ७५ रुपये, आणि सातनंतर निघाले तर रिक्षाचे भाडे त्यांचे. जादा तासाला मी दुप्पट मागितले होते, कारण कारखान्यांत दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर देण्याचा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यात होता. घरकामाला तो कायदा लागू नाही हे मला माहीत होते आणि त्यांनाही. पण मोजायला पट्टी कोणती तरी लागतेच. दुप्पट मिळाले नाही, दीडपटीच्या जवळ जमले. नव्या हिशोबाने तासाला साडेबावन्न रुपये पडले, म्हणजे पहिल्या दिवशी मी जे समजून काम स्वीकारले होते त्याहून जेमतेम दीड रुपया जास्त. खरा फरक वेगळाच पडला. संध्याकाळी उशिरा येण्याला किंमत लागल्याबरोबर आई सव्वासहाला घरी येऊ लागली. त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात जादा तासांचे मला एकूण ३७५ रुपये मिळाले, म्हणजे सगळे मिळून पाच तास. आधीच्या महिन्यांत तेच तास रोजचे दीड-दोन होते आणि ते कोणाच्याच नजरेत नव्हते.

हे कार्यालयाला कळले तेव्हा त्यांचा फोन आला. ‘मावशी, तुम्ही परस्पर बोलणी का केलीत? दर आम्ही ठरवतो.’ तीन फोन करूनही ज्या विषयाला त्यांनी हात लावला नाही, तो विषय मी सोडवल्यावर त्यांचा झाला, हे मला खटकले आणि मी ते त्यांना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले, ही त्यांच्या बाजूची गोष्ट.

आता कार्यालयाच्या पैशाविषयी. नोंदणीचे ५०० रुपये एकदाच. त्यानंतर प्रत्येक घरामागे माझ्या पहिल्या पगारातील निम्मी रक्कम, दोन हप्त्यांत. पहिल्या घरी ६,०००, दुसऱ्या घरी ७,०००, तिसऱ्या घरी ७,५००. तीन वर्षांत मी या सेवेला २१,००० रुपये दिले आहेत. घराकडून एका महिन्याचा पूर्ण पगार घेतला जातो. दोघांनाही दुसऱ्याच्या रकमेविषयी सांगितले जात नाही. मला ते दुसऱ्या घरी पोळ्या लाटता लाटता सहज बोलण्यातून कळले. घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही, फिरून घर शोधायला मलाही वेळ आणि भाडे लागलेच असते. पण या रचनेत एक खोट आहे: बाई एका घरी जितकी टिकेल तितकी कार्यालयाची कमाई कमी, आणि घर जितके लवकर सुटेल तितकी जास्त. तीन महिन्यांत बाई गेली तर घराला दुसरी बाई पुन्हा पैसे न घेता दिली जाते. बाईला मात्र नव्या घराचे निम्मे पुन्हा भरावे लागतात, चूक कोणाचीही असो. तास आणि पगार पहिल्याच दिवशी नीट ठरले तर घरे टिकतील, हे त्यांना कळत नसेल असे नाही.

दुसरे घर माळनाक्याजवळचे, अस्सल रत्नागिरीचे, आजी-आजोबांसह भरलेले. पहिल्या घरी पोळल्यामुळे इथे मी वेळ आधीच ठरवून घेतली होती, त्यावर कधी वाद झाला नाही. वाद झाला तो मे महिन्यात, कारण मे महिना कराराच्या बाहेरचा निघाला. मुंबईहून लेकी-जावई आले, त्यांची मुले आली, आणि एका बाळाच्या पगारात माझ्याभोवती पाच मुले झाली. सगळ्यांत मोठा आठ वर्षांचा, विहिरीत डोकावणारा. चौथ्या दिवशी मी आजींकडे विषय काढला.

‘अगो, एवढ्यात काय होतंय? सगळी आपलीच पोरं,’ आजी म्हणाल्या.

‘आपलीच आहेत आजी, पण सकाळपासून आंघोळी पाच झाल्या.’

आजींना ते पटले, सुनेला उशिरा पटले. पाहुणे असतील त्या दिवसांचे २०० रुपये जास्त, मोठ्या मुलांचे जेवणखाण घरच्यांनी पाहायचे, आणि विहिरीकडे जाणाऱ्या मुलांची जबाबदारी माझी नाही, असे तिघींनी पडवीत बसून ठरवले. जाताना आजींनी हापूसची एक पेटी दिली. मी ती आनंदाने घेतली, पण त्या महिन्याच्या जादा पैशांतून ती वजा होऊ दिली नाही. हे इथे लिहिण्याचे कारण असे की कार्यालयाच्या छापील पत्रकात पगाराच्या रकान्यात ‘दुपारचे जेवण, दिवाळीला साडी’ असे पगाराचाच भाग म्हणून छापलेले असते. बाळाला भरवता भरवता उभ्याने खाल्लेले जेवण मी पगारात धरू शकत नाही. भेट ही भेट असावी, पगार हा पगार.

याच घरी खाड्याचा प्रश्न आला. मी आजारी पडून दोन दिवस गेले नाही, तेव्हा १४,००० ला २६ ने भागून दोन दिवसांचे पैसे कापले गेले. पुढच्याच महिन्यात एका रविवारी मला बोलावले, त्या दिवसाचा हिशोब करताना मात्र १४,००० ला ३० ने भागले. कापताना दिवसाचे ५३८ रुपये आणि देताना ४६७. मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. घरातल्या दोन माणसांनी दोन वेळा हिशोब केला एवढेच. तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर वाक्य आहे: भागायचा आकडा एकच, कापताना आणि देताना. जी कोणी या कामाला नव्याने जाणार असेल, तिने पगाराच्या आकड्यावर हजार रुपयांची घासाघीस करण्याआधी हे विचारून घ्यावे.

सुट्ट्यांच्या बाबतीत ही सेवा कोकणात असूनही कोकणाची वाटत नाही. पत्रकात ‘महिन्याला दोन सुट्ट्या, सणाच्या सुट्ट्या परस्पर संमतीने’ असे छापलेले आहे. गणपतीत गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत फणसोपची बाई रत्नागिरीत कामाला येणार नाही, आणि शिमग्याला पालखी दारात येईल त्या दिवशीही नाही, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. पण बदली होऊन आलेल्या कुटुंबाला ते कसे कळणार? पहिल्या घरी भाद्रपदाच्या आदल्या आठवड्यात मी पाच दिवसांचे बोलले तेव्हा आईला खरोखर धक्का बसला होता, तिची स्वतःची रजा शिल्लक नव्हती, आणि दोष आम्हा दोघींचाही नव्हता. कार्यालयाने नोंदणीच्या दिवशी दोन्ही बाजूंना हे एका वाक्यात सांगितले असते तर तिने रजा राखून ठेवली असती. शेवटी पाचातले तीन दिवस भरपगारी आणि दोन बिनपगारी असे ठरले. बदली बाई देऊ, असे कार्यालय म्हणाले होते, पण गणपतीत बदली बाई मिळत नाही, ती तिच्या घरच्या गणपतीपुढे असते.

पावसाच्या दिवसांचेही तसेच. जुलैमध्ये रेड अलर्ट लागला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, बँकेला देत नाहीत. काजळी नदीला पूर आला, एसटी बंद झाली, तर मी कशी पोचणार, आणि न पोचल्यास तो खाडा कोणाचा? आता मी हे आधी ठरवते: एसटी बंद असेल तो दिवस भरपगारी, एसटी चालू असून मी आले नाही तर खाडा. याला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

पगारवाढीविषयी एक निरीक्षण नोंदवते, कारण ते आमच्या भागाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या बागा, पॅकिंग आणि कॅनिंगचे कारखाने, काजूचे कारखाने या सगळ्यांना बायकांचे हात हवे असतात आणि रोजंदारी रोख मिळते. त्या काळात बाळ सांभाळायला बाई मिळणे कठीण होते. कार्यालय हे पुरते जाणून असते. मार्चपासून घरांना सांगितला जाणारा दर वाढतो. आधीपासून कामावर असलेल्या बाईला मात्र वाढीची आठवण दिवाळीत करा असे सुचवले जाते, जेव्हा बोनसच्या नावाखाली वाढ विसरली जाते. मी तिसऱ्या घरी वाढीचा महिना मार्च लिहून घेतला आहे. यात कोणाची अडवणूक आहे असे मला वाटत नाही. भाव ज्या महिन्यात ठरतो त्याच महिन्यात आपलाही ठरावा.

कायद्याची माहिती देण्यात ही सेवा फारच कमी पडते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ सालचा आहे आणि १८ ते ६० वर्षांच्या घरकामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. ५५ वर्षे पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना १०,००० रुपयांचे सन्मानधन देण्याची योजनाही राज्याने राबवली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण धरलेले आहे आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. यातले एकही वाक्य मला कार्यालयात ऐकायला मिळाले नाही. भिंतीवर मात्र ‘सेविकांनी पाळावयाचे नियम’ असा चौकटीतला तक्ता आहे: मोबाइल वापरू नये, घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, न सांगता रजा घेऊ नये. सगळे योग्यच आहे. घरांनी पाळायच्या नियमांचा तक्ता कुठे लावतात, असे मी एकदा हसत विचारले, तेव्हा कार्यालयातील बाईही हसल्या.

दुसरे घर सुटले ते अचानक. बाळाची मावशी राहायला आली आणि ‘उद्यापासून नको’ असा निरोप आदल्या संध्याकाळी मिळाला. या कामाचा स्वभावच असा आहे की ते नीट केले तर संपते. मूल तीन वर्षांचे होऊन बालवाडीत गेले की बाईची गरज उरत नाही, आणि ते चांगलेच आहे. पण संपणार हे महिनाभर आधी कळायला हवे. कार्यालयाच्या पत्रकात बाईने काम सोडताना पंधरा दिवस आधी कळवण्याची अट आहे, घराने कळवण्याची नाही. मी ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली आणि माझ्या तिसऱ्या घरासाठी दोन्ही बाजूंना एक महिना अशी अट हाताने लिहून घेतली. कार्यालयाने त्यावर शिक्का मारून दिला, हे मी त्यांच्या बाजूने मोजते.

मग ही सेवा घ्यावी का? जी बाई शहरात कोणाला ओळखत नाही आणि परक्या घरात एकटीने शिरायला बिचकते, तिने जरूर घ्यावी. मला मिळालेली तिन्ही घरे सुरक्षित होती, पगार तीनही ठिकाणी तारखेला झाला, आणि एकदा एका घराविषयी शंका आली तेव्हा कार्यालयातील बाईंनी ‘तिथे मी तुम्हाला पाठवणार नाही’ असे स्वतःहून सांगितले. जिच्या ओळखी आहेत, तिने निम्मा पगार देण्याआधी दोन दारे स्वतः ठोठावून पाहावीत. आणि घरांनीही, ‘पूर्ण वेळ’ असे सांगून त्यांना बाई मिळाली असेल, तर पहिल्या आठवड्यातच तिला तिच्या समजुतीप्रमाणे तो वेळ किती वाजता संपतो ते विचारावे. उत्तर कार्यालयाने त्यांना सांगितले तेच असेल असे मला वाटत नाही.

कार्यालय रविवारी बंद असते आणि दुपारी दीड ते तीन कोणी फोन उचलत नाही. जाताना मूळ आधार कार्ड आणि पासबुक न्यावे, झेरॉक्स तिथेच काढून देतात. गेल्या महिन्यात माझ्या ओळखीच्या एका मुलीला नोंदणीसाठी घेऊन गेले होते, तेव्हा अर्ज नवीन छापलेला दिसला. त्यात ‘कामाची वेळ: पासून, पर्यंत’ असा रकाना आता आला आहे. जागा बोटभरच आहे. तिने त्यात बारीक अक्षरात ‘साडेआठ ते सहा, पुढे तासाला ८०’ असे बसवले.